विनय वाळूत गेलाय

तंबू लागले. ऑफिसातून घरी येताना अहमदी मागे पडलं की रस्त्याच्या कडेला कालपर्यंत नुसती वाळू होती, आज तिथे पांढऱ्या तंबूंची रांग. कुणी दिव्यांच्या माळा सोडल्यात, कुणी मुलांसाठी झोपाळा टांगलाय, एकाने तर तंबूच्या दारापुढे चक्क गालिचा अंथरलाय. उन्हाळाभर एसीत कोंडून घेतलेली माणसं थंडी पडली की घरात थांबत नाहीत. मी गाडीची काच खाली केली. कोरडा वारा आत आला, त्याला कोळशाच्या धुराचा वास होता, आणि मी काच परत वर केली. हा ऋतू मला एके काळी फार आवडायचा. आता तो आला की वाटतं, का आलास बाबा? पण त्याला कोण विचारतंय.

थंडीत असं वाळवंटात जाऊन बसण्याला इथे कुवेतमध्ये ‘काश्ता’ म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘वाळूत जाणं’ म्हणायचे. हा शब्द माझ्या सासूबाईंचा. त्यांना काश्ता म्हणता येईना, आणि म्हणायची गरजही वाटेना. “वाळूत जातो म्हणा की सरळ,” असं त्यांनी ठरवून टाकलं, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

या नादाची सुरुवात माझ्या नवऱ्याने केली. विनय बँकेत आयटीत होता. दिवसभर स्क्रीनपुढे बसून डोळे लाल करून यायचा. एक दिवस आला तो हातात भलं मोठं खोकं घेऊन. आत लांब दांडा, दांड्याला खाली ताटाएवढी चकती, वर छोटा पडदा आणि कानाला लावायचे हेडफोन.

“हे काय?”

“मेटल डिटेक्टर.”

“कशाला?”

“शोधायला.”

“काय शोधायला?”

“ते सापडल्यावर कळेल ना!”

मी कपाळाला हात लावला. या माणसाला कपाटातले स्वतःचे मोजे सापडत नसत. डोळ्यांसमोरचं मीठ सापडत नसे. आणि हा निघाला वाळवंटात खजिना शोधायला! त्यात ते मशीन चालवायची रीत अशी, की दांडा धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू फिरवत पुढे सरकायचं. “घरात कधी झाडू धरला नाहीस, आता अख्खं कुवेत झाडून काढ,” असं मी म्हणायचे. तो हेडफोन लावून असायचा, त्यामुळे माझे निम्मे टोमणे वाळूतच पडले.

जागा मिळवून दिली हनीफभाईंनी. ते दापोलीकडचे. अर्दियात त्यांचं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे, त्यामुळे वफ्राच्या मळेवाल्यांशी त्यांची रोजची ऊठबस. एका मालकाला सांगून त्यांनी परवानगी काढली. हरितगृहं संपली की खजुरांच्या रांगा, त्यांच्यामागे एक पडीक तुकडा, आणि त्या तुकड्यात बुजलेली विहीर. पूर्वी उंटांचे तांडे पाण्यासाठी तिथे थांबत म्हणे. कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही ही अट मात्र माझी. इराकशी झालेल्या युद्धातलं काय काय अजून इथल्या वाळूखाली निघतं, आणि मशीनला रुपया काय नि सुरुंग काय, दोन्ही धातूच. विनयने ती अट शेवटपर्यंत पाळली. तसा तो शहाण्यासारखा वागणारा माणूस होता, मीच त्याला वेडा म्हणायचे.

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमची वरात वफ्राला. विनय, मी, हनीफभाई, आणि कुरकुरत का होईना, आमची सई. सापडायचं काय, तर कॅनची झाकणं, तंबूचे वाकलेले खिळे, एक गंजलेली कडी, उंटाच्या लगामाचा असेल नसेल असा एक तुकडा. हे सगळं तुपाच्या रिकाम्या डब्यात साठत होतं. टाकू द्यायचा नाही. हनीफभाई कोळशावर झुबैदी भाजायचे. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. “भाभी, त्यांना शोधू दे, आपण खाऊ,” म्हणत माझ्यापुढे ताट सरकवायचे. मळ्यातल्या ओल्या खताचा वास, माशाचा वास, थर्मासमधला आल्याचा चहा. पाठीवर ऊन घ्यावंसं वाटेल अशी थंडी. मला वाटायचं, काही सापडू नये आणि हे असंच चालू राहावं.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. कराडहून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. पहिले काही दिवस मंगफच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगचे एसी बघत राहिल्या. करमेना. शेवटी विनय म्हणाला, “आई, चल वाळूत.”

त्या वाळूत बसल्या की बघत राहावं. सुती साडी, वर विनयचं निळं जॅकेट, पायात माझे बूट, कानाला मफलर. घडीच्या खुर्चीत बसून मांडीवर मळ्यातली ताजी मेथी घेऊन निवडायला लागायच्या. पानं परातीत, काड्या वाळूत.

“आजी, यू लुक सो कूल!” सई फोटो काढत म्हणाली.

“काय म्हणते ही?”

“थंडी वाजते का विचारतेय,” विनय म्हणाला.

“नाही गं बाई, जॅकेट आहे की.”

एकदा विनयने मेथीची परात बाजूला ठेवली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावले. “लोखंड असलं की खरखर येते, आई. चांदी असली की स्वच्छ आवाज येतो म्हणतात. मी अजून ऐकला नाही. तू ऐक.” पुढे त्या, मागे मशीन धरून हा. दोघं मायलेक विहिरीभोवती हळूहळू फिरत होते. मी आणि हनीफभाई हसत होतो. एका जागी त्यांनी हात वर केला.

“थांब. घंटी वाजली.”

“कसली घंटी?”

“अरे, देवघरातली वाजते ना, तशी. परत फिरव बघू.”

विनयने हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि त्याचा चेहरा बदलला. गुडघ्यांवर बसून तो छोट्या खुरप्याने वाळू उकरायला लागला. उकरलेली वाळू चाळणीत. (चाळण माझी पिठाची. मी महिनाभर शोधत होते!) चाळणीत राहिली ती काळी ठिक्कर चकती, करपलेल्या बिस्किटासारखी. मग शेजारीच दुसरी. मग हातभर अंतरावर तिसरी, जरा लहान. हनीफभाई मासा टाकून धावले, त्या दिवशीची झुबैदी जळून कोळसा झाली आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. “आई, तुला सापडली. मी दोन हिवाळे घासले आणि तुला सापडली!” तो लहान मुलासारखा तेच तेच बोलत होता. सासूबाई म्हणाल्या, “चला आता, मेथी कोमेजते.”

जुनं काही सापडलं की ते सरकारजमा करायचं, असा इथला कायदा. ती तीन नाणी आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर कापसावर झोपली होती आणि आम्ही सगळे बाजूला ताटं सरकवून जेवत होतो. मग विनय ती संग्रहालयात घेऊन गेला, मीही बरोबर गेले. पांढऱ्या डगल्यातल्या अधिकाऱ्याने भिंग लावलं, दुसऱ्याला हाक मारली, तिसरा आला, चहा आला. दोन मोठ्यांपैकी एकावर परदेशी राणीचं चित्र होतं. दुसरं बसऱ्याच्या टांकसाळीतलं, तसं फार क्वचित मिळतं म्हणाले. विनयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसरं, लहान नाणं अधिकाऱ्याने हसत परत आमच्याकडे सरकवलं. “असे आमच्याकडे पुष्कळ आहेत. आणि हा तर तुमचाच.”

खरंच आपला होता. चांदीचा रुपया. एका बाजूला टकल्या इंग्रज राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला कमळाचे देठ. आपलाच रुपया इथे चालायचा, कित्येक वर्षं. इथली गलबतं मोती घेऊन मुंबईला जायची आणि येताना रुपये आणायची. त्यातलाच एखादा उंटावरून वफ्राच्या विहिरीपर्यंत गेला असेल, पाणी काढताना कुणाच्या कमरेतून निसटला असेल. “आपल्या आधी आला हा इथे,” विनय गाडीत म्हणाला. “आणि व्हिसा-इकामा काही न काढता.” मग थोड्या वेळाने, “पोरीला सासरी पाठवल्यासारखं वाटतंय गं त्या दोघींना देऊन.” मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचे डोळे भरले होते.

रुपयाचा तो काळा रंग त्याला फार प्रिय. आईला त्याने दहादा बजावलं, “याला घासायचं नाही. हा काळेपणा म्हणजे त्याचं वय आहे.” त्या “बरं” म्हणायच्या. पुढे संक्रांत आली. हळदीकुंकवासाठी मी करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी बाहेर काढली आणि कामावर गेले. दुपारी येऊन बघते तर ओट्यावर सगळी चांदी लखलखतेय, आणि मधोमध तो रुपया. चिंच आणि रांगोळी लावून घासघासून पांढराशुभ्र केलेला.

“काय मेलं काळं ठिक्कर! देवात ठेवायचं ते,” सासूबाई हात पुसत म्हणाल्या.

विनय मागोमाग आला. रुपया उचलून त्याने उजेडात धरला. मला वाटलं, आता चिडणार. आणि हा एकदम हसायला लागला, हसत हसत स्वयंपाकघरात खालीच बसला. “आई, अगं राजाचं टक्कल आणखी गुळगुळीत केलंस!”

“मग? आता कसा दिसतोय!”

“झकास दिसतोय. तूच घेऊन जा, तुझ्या देवात ठेव.”

नंतर मीच फणफणले, तेव्हा म्हणाला, “जाऊ दे गं. वाळूत काळाच पडून होता ना इतकी वर्षं. आता राहू दे की जरा उजळ.” रुपया कराडला गेला, देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या शेजारी बसला. म्हणजे आता त्याला रोज आंघोळ. रोज ताम्हनात, रोज फडक्याने खसाखसा, आणि सणाला चिंच-रांगोळी.

उन्हाळा लागायच्या आत विनय गेला. सकाळी ऑफिसला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही. यावर मी फार लिहिणार नाही, मला येत नाही. कागदपत्रांसाठी हनीफभाई वणवण फिरले, मी फक्त दाखवतील तिथे सह्या केल्या. कराडला त्याला घरात आणलं तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं. त्या रडल्या, मला कुशीत घेतलं, सईच्या तोंडाशी दुधाचा पेला धरला.

मी आणि सई इकडे परतल्यावर एकदा त्यांनी माझ्या दिराला, महेशला, विचारलं, “विनयचा फोन कसा नाही रे आला?” महेशने चाचरत सांगितलं. त्यांनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. तसाच हंबरडा, तसंच जमिनीवर बसणं. काही दिवसांनी परत तेच. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं आधीच सुरू झालं असणार. आता वाटतं, दहादा बजावलेलं त्या विसरल्या, ते उगाच नव्हतं. महेश फोनवर मला म्हणाला, “वहिनी, मी आईला पुन्हा पुन्हा नाही मारू शकत. आता नाही सांगायचं.” मी हो म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. पुढच्या शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

“विनय कुठाय?”

समोर दाराच्या मागे त्याचं निळं जॅकेट लटकत होतं.

“वाळूत गेलाय, आई.”

“एकटाच?”

“हनीफभाई आहेत बरोबर.”

“जॅकेट घेतलंय ना?”

“घेतलंय.”

“बरं. आला की फोन करायला सांग.”

असे किती शुक्रवार, किती उन्हाळे गेले! बाहेर पन्नास अंशांचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि मी सांगतेय, विनय वाळूत गेलाय. त्यांच्याकडे कायम तोच हिवाळा. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? रागही यायचा. त्यांचा मुलगा दर शुक्रवारी जिवंत, आणि माझा नवरा मी फोन ठेवला की परत गेलेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे, म्हणजे सईला ऐकू जायला नको.

सईला सगळं ऐकू जातच होतं. “आई, धिस इज नॉट ओके. यू आर लाइंग टू हर,” ती एकदा म्हणाली.

“मग तू सांग आजीला खरं काय ते. सांग.”

ती उठून तिच्या खोलीत गेली. पुढच्या शुक्रवारी मात्र मी फोन घ्यायच्या आत मागून ओरडली, “आजी, बाबा वाळूत गेलाय!” घरात एरवी एक वाक्य मराठीत न बोलणारी माझी मुलगी. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही माझ्याकडे नाही.

आणि हळूहळू मला त्याची चटकच लागली. शुक्रवार जवळ आला की मी मनात तयारी करायचे. आज काय सापडलं सांगावं? आज खिळा. आज जुनी किल्ली. “किल्ली? कशाची गं?” त्या हरखून विचारायच्या, मग मी किल्लीची गोष्ट रचायचे. बोलताना मला तो दिसायचा, गुडघ्यांवर बसलेला, केसांत वाळू. सगळ्या जगात कराडचं ते एकच घर होतं जिथे विनय अजून परत यायचा होता. ते घर मला हवं होतं. फोनवर त्या न चुकता रुपया दाखवायच्या. “बघ कसा लखलखतोय! विनयला दाखव.” राजाचं नाक गेलं होतं, मग कानही गेला. मी म्हणायचे, दाखवते.

तर यंदाचे तंबू लागले आणि मला ते मशीन आठवलं. पलंगाखाली तसंच पडून होतं. म्हटलं, निदान एकदा तरी खरोखर वाळूतून बोलू. निदान वाळू तरी खरी असू दे. हनीफभाईंना फोन केला. ते नुसतं “येतो भाभी” म्हणाले.

परवाच्या शुक्रवारी गेलो. खजूर तेच, विहीर तीच. कुणीतरी हरितगृहाचं प्लॅस्टिक नवीन घातलंय. मी विनयचं जॅकेट घातलं होतं. खिशात हात घातला तर मेथीची एक वाळकी काडी. हनीफभाईंनी कोळसे पेटवले आणि पाठ करून बसले. मी हेडफोन गळ्यात अडकवले आणि कराडला फोन लावला. माझ्या जावेने, स्मिताने, उचलला आणि सासूबाईंच्या पुढे धरला. त्या बारीक झाल्यात.

“नमस्कार,” त्या म्हणाल्या. “बसा.”

“आई, मी मीनल.”

“हो का. बरं आहे ना?”

थंडी पडलीय म्हणाल्या. गॅलरीत कबुतरं फार झालीत म्हणाल्या. जेवलात का विचारलं. मी वाट बघत होते. आता विचारतील. वाळू दिसावी म्हणून मी फोन जरा तिरका धरला, मशीन दिसेल असं उभं केलं. कबुतरांचं बोलणं संपलं आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आलेल्या पाहुण्याकडे बघतात तशा. मला राहवेना.

“आई, विनय वाळूत गेलाय.”

“कोण गं?”

“विनय.”

त्यांनी स्मिताकडे बघितलं. स्मिताने मान खाली घातली. “असेल बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या नाही लक्षात.” आणि मला वाईट वाटू नये म्हणून की काय, उशाशी ठेवलेला रुपया उचलून कॅमेऱ्यापुढे धरला. “हा बघ आमच्या देवातला.” राजा नव्हता, कमळं नव्हती. एक पांढरी गुळगुळीत चकती.

“छान आहे. कुणी दिला, आई?”

“कुणी कशाला देईल? आमच्यात पहिल्यापासून आहे.”

शेवटचं घर गेलं. मी ज्याला कंटाळले होते, तो एक प्रश्न आता जगात कुणीच मला विचारणार नव्हतं. मी वाळूत बसले आणि त्यांना सांगायला लागले. “पहिल्यापासून नाही, आई. तुम्हाला सापडला तो. इथेच. या विहिरीपाशी. तुम्ही मेथी निवडत होतात. कानाला हेडफोन लावले होते. तुम्ही म्हणालात, घंटी वाजली.” त्या गोष्ट ऐकणाऱ्या मुलासारख्या डोळे मोठे करून ऐकत होत्या.

“मला सापडला?”

“तुम्हालाच.”

“आणि ते मशीन कुणी धरलं होतं?”

“तुमच्या मुलाने. मोठ्या.”

“चांगला होता का गं?”

“फार,” मी म्हणाले. “फार चांगला होता, आई.” आणि तिथे, हनीफभाई पाठमोरे बसलेले असताना, वर उघडं आभाळ, मी मोकळेपणी रडले. नळ सोडायला नळ नव्हता.

“अगं, अगं,” सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. फोनवर हात फिरवायला लागल्या, पडदाभर त्यांची बोटं. “रडतेस कशाला? काही हरवलंय का तुझं?”

मी मान डोलावली.

“मग त्यात काय एवढं! सापडेल हं. नीट बघ, तिथेच कुठेतरी असेल.”